रोंडाची अकरा पावलं

तास्मानियाच्या पश्चिमेला, डोंगरांच्या वाटीत बसलेल्या क्वीन्सटाउनात, पाऊस कधी थांबतो हे सांगायला जुनी माणसंसुद्धा कचरतात. अशा गावात येऊन मेलबर्नच्या मंडळींनी जी अंतराळाची मालिका काढली तिचं नाव काय, तर ‘कोरडा ग्रह’! आता बोला. त्यांनी गावाभोवतीचे उघडेबोडके डोंगर पाहिले, तांब्याच्या भट्ट्यांच्या धुराने झाडं गेलेले, पिवळे, तांबूस, करडे, आणि आयता परका ग्रह मिळाला म्हणून हरखून गेली. वरून काय पडतं याची चौकशी कुणी केली नाही. मग बसली छत्र्या धरून, ऊन पडायची वाट बघत.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. ग्लेनिस ट्रेंबाथ तेव्हा बावीस वर्षांची होती आणि तिची बहीण रोंडा चोवीसची. दोघी गावातल्या लाँड्रीत कामाला. नटांचे ते करडे पोशाख रोज संध्याकाळी चिखलाने बरबटून यायचे आणि सकाळी वाळून, इस्त्री होऊन परत जायचे. ओल्या चादरींची टोपली रोंडा डाव्या कमरेवर घ्यायची. सहा वर्षं घेत होती. त्यामुळे तिचा डावा खांदा जो उतरला तो उतरलाच. रविवारी नटूनथटून, रिकाम्या हातांनी चर्चला निघाली तरी खांदा आपला खालीच, जणू टोपली घरून निघताना सोबत आलीच आहे. आई ओरडायची, “सरळ चाल गं, लग्न व्हायचंय तुझं!” रोंडा म्हणायची, “ज्याला करायचंय तो समोरून बघेल की, मागून कशाला?”

मालिकेतल्या वायरलेसवालीचं नाव व्हेरा क्विल. शेवटच्या भागाच्या शेवटी ती तळ सोडून एकटीच चालत निघते, असं दृश्य होतं. त्या दिवशी डोंगरावर धुकं उतरलेलं, आणि व्हेराचं काम करणारी नटी तापाने फणफणून मेलबर्नला परत गेलेली. मग लाँड्रीत धुतलेला कोट घेऊन आलेल्या रोंडालाच त्यांनी तो कोट घातला आणि सांगितलं, चालत जा, मागे बघू नकोस. रोंडा चालली. अकरा पावलं दिसली, मग धुक्याने तिला घेतलं. बक्षीस म्हणून चॉकलेटचा डबा मिळाला आणि कुणाला सांगू नकोस अशी ताकीद. तिने फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं, तेही अर्धा डबा संपल्यावर.

मालिका तिथेच बंद पडली. व्हेरा धुक्यात गेली ती गेलीच. सात वर्षांनी रोंडाही गेली, रक्ताच्या कर्करोगाने. मागे चार फोटो राहिले. फोटो कितीही चांगला असला तरी त्यात माणूस चालत नाही. ग्लेनिसला बहिणीचा आवाज हळूहळू आठवेनासा झाला, आधी हसणं गेलं, मग हाक. चाल तेवढी राहिली, कारण ती टीव्हीत होती.

म्हणून नव्वद साली, पोस्टात बदलून आलेल्या नेव्हिल ऑस्टविकने ‘कोरडा ग्रह’चं मंडळ काढलं तेव्हा ग्लेनिसने पहिल्या दिवशी नाव घातलं. लोकांना वाटलं, हिला अंतराळाचं वेड. कसलं वेड! यानं, ग्रह, किरणांच्या बंदुका यातलं तिला आजही धड काही कळत नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता, फुटबॉल क्लबच्या खोलीत, ती हजर. खिडकीबाहेर आमचं ते खडीचं मैदान, जिथे पडलं की गुडघे सोलून निघतात, आणि आत सातआठ माणसं, स्कोनचे छोटे गरम पाव, जाम आणि चहा. जुन्या टेपवरून एखादा भाग बघायचा आणि शेवटी न चुकता ते धुक्यातलं दृश्य. तेव्हा सगळ्यांनी मोठ्याने पावलं मोजायची. एक, दोन, तीन, अकरापर्यंत. चहाचा एक मग व्हेरासाठी वेगळा, दोन चमचे साखर घालून, कारण तिसऱ्या भागात ती तसा मागते. तो कुणी प्यायचा नाही. सभा संपली की ज्याची पाळी असेल त्याने खडीवर ओतून यायचं. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटेल. वाटू दे.

आणि नेव्हिलचा सिद्धांत! व्हेराचा डावा खांदा खाली का झुकलाय? नेव्हिलचं ठाम मत, तिच्या डाव्या हातात, कोटाखाली, तळाचा संकेतदिवा आहे. दिवा जड, म्हणून खांदा पडलेला. ती पळून गेली नाही, तर मागून येणाऱ्यांना वाट दाखवायला पुढे गेली. यावर त्याच्या चार जाडजूड फायली होत्या. त्यात दिव्याचं वजन होतं, खांद्याचा कोन होता, कोरड्या ग्रहावर धुकं कुठून आलं यावर वेगळं प्रकरण होतं. पर्थपासून ऑकलंडपर्यंतच्या चाहत्यांशी त्याने त्यावर पत्रांतून भांडणं केली होती. ग्लेनिस ऐकायची, स्कोनला जाम लावायची आणि गप्प बसायची. आधी रोंडाला ताकीद होती म्हणून. मग इतकी वर्षं सांगितलं नाही याची लाज वाटली म्हणून. आणि खरं सांगायचं तर लोभ म्हणून. लाँड्रीतल्या एका पोरीच्या पाठीकडे एवढी माणसं इतक्या मायेने बघतायत, हे सुख तिला सोडवत नव्हतं.

गेल्या वर्षी बातमी आली. ‘कोरडा ग्रह’मधून नवी मालिका निघतेय, फक्त व्हेराची. खरी माणसं नाहीत, सगळी चित्रांची. सुरुवात त्या धुक्यापासूनच.

“कार्टून?” डॉट पासको किंचाळली. डॉट म्हणजे मंडळाची स्कोनवाली, मनात येईल ते तोंडात. “व्हेराचं कार्टून? बशीएवढे डोळे काढतील मेले तिचे.”

“आणि जोडीला बोलणारं वॉम्बॅटचं पिल्लू देतील,” नेव्हिल म्हणाला. “अगं, पण कळेल तरी, डॉट. ती कुठे गेली ते कळेल. मी त्र्याहत्तरचा झालो. मला कळायला हवंय.”

त्या महिन्यात गावात दुसरा विषय नव्हता म्हटलं तरी चालेल. व्हेरा जिवंत निघावी असं सगळ्यांना वाटत होतं आणि जिवंत निघाली तर आपली व्हेरा राहील का, या धास्तीने झोप उडाली होती. ग्लेनिसची धास्ती एवढीशी होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. चित्रातली बाई चालणार कशी?

नेव्हिलने नव्या मालिकावाल्यांना खांद्याबद्दल आणि दिव्याबद्दल चौदा पानी पत्र लिहिलं. उत्तर म्हणून एप्रिलच्या रविवारी होबार्टहून टेस नावाची पोरगी आली, चित्रकार, सव्वीसेक वर्षांची, ओल्या मोज्यांनी. डोंगर बघायला आली होती. तिने स्कोन खाल्ले, पावलं मोजायला आवाज मिळवला, व्हेराचा मग बघून हसली नाही. डॉटला ती तिथेच आवडली. मग तिने लॅपटॉप उघडला आणि धुक्यातल्या दृश्याचा कच्चा नमुना दाखवला.

धुकं तेच होतं. कोट तोच. पण बाई ताठ चालत होती, दोन्ही खांदे एका रेषेत, एखाद्या सैनिकाच्या रुबाबात.

“खांदा!” नेव्हिल उभाच राहिला. “अहो, खांदा कुठे गेला?”

टेस अवघडली. “नेव्हिल, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. खरंच. पण जुनी संहिता तपासली, त्यात दिवा कुठेच नाही. कोटाखाली काही नाही. दिग्दर्शक म्हणतात, कारण नसेल तर खांदा सरळ करा, नव्या प्रेक्षकांना ती चूक वाटेल. मला स्वतःला तो तसाच हवा होता. पण त्यांना सांगायला माझ्याकडे कारण नाही.”

नेव्हिल खाली बसला. दोन्ही हात फायलीवर ठेवले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. ग्लेनिसने त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या त्या ताठ बाईकडे. आत्ता गप्प बसलं तर नेव्हिलचा दिवा नेव्हिलपाशी राहील, कारण तिथे तो नव्हता असं आजवर कुणालाच सिद्ध करता आलं नव्हतं. आणि रोंडा मात्र पुसली जाईल. उद्याच्या पोरांना व्हेरा म्हटलं की ही ताठ बाई आठवेल. बोललं तर चौतीस वर्षांचा मित्र तोंड फिरवेल. तिला वाटलं, आपण धुक्यातच उभ्या आहोत, आणि पुढे कुणीतरी चाललंय, हाक मारली नाही तर दिसेनासं होईल.

“कारण आहे,” ती म्हणाली. “चादरी.”

“काय?” डॉट म्हणाली.

“ओल्या चादरी. ती नटी नव्हतीच त्या दिवशी. ती आमची रोंडा आहे. माझी बहीण. लाँड्रीत टोपली उचलून उचलून तिचा खांदा तसा झाला होता. हातात काही नाही, नेव्हिल. रिकामा आहे तिचा हात.”

नेव्हिल उठला, दार उघडून बाहेर गेला आणि पावसात मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. डॉटने खिडकीतून पाहिलं. “टोपीसुद्धा घेतली नाही बाबाने,” ती पुटपुटली. मग ग्लेनिसकडे वळली. “आणि तू! इतकी वर्षं माझ्या हातचे स्कोन खाल्लेस आणि हे पोटात ठेवलंस?” ग्लेनिसला रडू फुटलं. डॉटने तिला जवळ घेतलं, पण शिव्या घालणं काही थांबवलं नाही.

दहा मिनिटांनी नेव्हिल आत आला. चष्म्यावरून पाणी गळत होतं.

“म्हणजे मी चौतीस वर्षं ओल्या चादरींवर प्रबंध लिहीत होतो.”

“मला माफ कर, नेव्हिल.”

“पर्थच्या त्या शहाण्याला कळलं तर हसून हसून मरेल.” त्याने चष्मा पुसला, पुसतच राहिला. “कोन मात्र मी बरोबर काढला होता. वजनही. ओल्या चादरींची टोपली किती भरत असेल, ग्लेन? नऊ किलो?”

“दहा.”

“मी साडेनऊ धरलं होतं.” तो कोपऱ्यात गेला, बादली उचलली, तिच्यात क्लबचे ओले टॉवेल कोंबले आणि तिच्यासमोर ठेवली. “कारण हवंय ना त्यांना? मग चालून दाखव. पोरी, तू काढ चित्र.”

अडुसष्ट वर्षांची ग्लेनिस बादली डाव्या कमरेवर घेऊन खडीच्या मैदानावर उतरली. आधी लाज वाटली. मग चौथ्या पावलाला खांदा आपोआप उतरला, गुडघा किंचित बाहेर वळला, आणि तिला कळलं की ही चाल आपल्या अंगात होतीच, घरात एखादी वस्तू नेहमीच्या जागी असावी तशी. टेस पावसात चित्रं काढत राहिली. कागद भिजले तेव्हा फोनने टिपलं. जाताना म्हणाली, “शब्द नाही देत. प्रयत्न करते.”

त्यानंतर सात महिने काही कळलं नाही. नेव्हिल सभेला यायचा, पण फायली आणायचा नाही. पावलं मोजताना त्याचा आवाज नेहमीपेक्षा हळू लागायचा. ग्लेनिसला ते ऐकवत नसे. एकदा तिने विचारलं, “राग आहे का रे?” तो म्हणाला, “राग नाही गं. चुकल्याचुकल्यासारखं होतं. दिवा होता तोवर ती कुणासाठी तरी चालली होती.”

नोव्हेंबरातल्या रविवारी पहिला भाग आला. खोली भरली होती, कधी न येणारेही आले होते. डॉटने दुप्पट स्कोन केले होते आणि ‘बशीएवढे डोळे असले तर टीव्ही फोडीन’ अशी धमकी दिली होती. नेव्हिलने नेहमीसारखा व्हेराचा मग भरला, साखरेचा चमचा उचलला आणि थांबला.

“ग्लेन, रोंडा किती साखर घ्यायची?”

“रोंडा?” ग्लेनिस म्हणाली. “घ्यायची नाही. चहात साखर बघितली की तोंड वाकडं करायची.”

“अरेरे,” नेव्हिल म्हणाला. “आणि आम्ही बिचारीला इतकी वर्षं पाक पाजतोय.” त्याने चमचा डब्यात टाकला आणि बिनसाखरेचा मग टीव्हीसमोर ठेवला.

पडद्यावर धुकं आलं, करडं, ओलं, अगदी आमच्याकडचं. कोट घातलेली बाई पाठमोरी उभी होती. तिने पाऊल उचललं आणि डावा खांदा खाली गेला. गुडघा किंचित बाहेर वळला.

“एक,” नेव्हिल म्हणाला. आवाज घोगरा होता, पण मोठा. मग सगळी खोली मोजू लागली. ग्लेनिस मोजत नव्हती, नुसती बघत होती. चित्राचीच बाई, पण रविवारी चर्चला निघालेली, लग्नाची चिंता नसलेली. डॉटने तिचा हात घट्ट धरला होता. नऊ. दहा. अकरा.

अकराला सगळे थांबले. इतक्या वर्षांची सवय, त्यापुढे कुणी कधी मोजलंच नव्हतं. पडद्यावरची बाई मात्र थांबली नाही. धुकं बाजूला सरलं, पाय उचलला गेला, पलीकडच्या ओल्या मातीत टेकला.

“बारा,” ग्लेनिस म्हणाली.