जळकी भाकर

माझ्या सासूबाई मालनबाई गाडी उचलू देतात, पण ठोकळा लागल्याशिवाय गाडीखाली कुणाला शिरू देत नाहीत. आता आमच्या अंगणात फरशी आहे, दोन लोखंडी स्टँड आहेत, तरी नियम तोच. माझे मिस्टर सिद्धोधन शाळेत क्लार्क; रविवारी मात्र आमच्या कारचे मेकॅनिक. त्यांनी जॅक लावला रे लावला, की सासूबाई बाभळीचा रुंद ठोकळा घेऊन हजर. तो गाडीच्या कडेखाली सारायचा, शेजारी स्टेपनी आडवी टाकायची, चाकांना दगड लावायचे, मग गाडी हलवून बघायची. मी म्हणायचे, एवढ्या वेळात एखादं लग्न लागेल.

हसायचे खरी, पण त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. सासरे किशनराव मानवतच्या बाजारात कापसाची बैलगाडी न्यायचे. एकदा चाकाला वंगण घालताना गाडीचं टेकण निसटलं आणि त्यांचा पाय चिरडला. ते पुन्हा गाडीवर बसले नाहीत. सासूबाईंनी जिनिंगच्या गिरणीवर कापूस वाहून दोन्ही लेकरं शिकवली. त्याचा पाढा त्यांनी कधी वाचला नाही. ठोकळा तेवढा आणत राहिल्या.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी नणंद राजेश्री चुडाव्याहून येणार होती. लेक येणार म्हणून सासूबाईंनी सकाळी अंगणात सढळ हातानं सडा टाकला. तेव्हा फरशी नव्हती, आणि आमची काळी माती मोठी लबाड, वरून सुकते आणि आतून लोण्यासारखी राहते. सिद्धोधननी तिच्यावरच जॅक लावला. सायलेन्सर खडखडत होता, तो तारेनं बांधायचा होता. सासूबाई चुलीपुढे होत्या. आज ठोकळा राहू दे, दोन मिनिटांचं तर काम आहे, असं सिद्धोधननी आईला ओरडून सांगितलं.

सासूबाई पिठाच्या हातांनीच उठल्या. "भाकर जळली तर दुसरी टाकता यील," त्या म्हणाल्या. "आधी ठोकळा."

ठोकळा लागला, स्टेपनी लागली. कुरकुरत सिद्धोधन खाली सरकले. मी चहा घेऊन दारात आले तोच जॅक एका अंगाला मातीत रुतला, कलंडला आणि गाडी धपकन खाली आली. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. मग ते पाय हलले. गाडी ठोकळ्यावर बसली होती, आणि सिद्धोधन पाठीला चिखल घेऊन सरपटत बाहेर आले.

सासूबाई तिथंच मातीत बसल्या.

"सडा मीच टाकला रे बाबा," त्या म्हणाल्या.

सिद्धोधन त्यांच्याजवळ बसले. "ठोकळाबी तूच लावलास की, माय."

तव्यावरची भाकर तोवर कोळसा झाली होती. सासूबाई ती कुत्र्याला टाकायला निघाल्या, तेव्हा मी त्यांच्या हातातून ती मागून घेतली. मी आणि सिद्धोधननी ती अर्धी अर्धी खाल्ली. तेवढ्या कृतज्ञतेनं मी आजवर कुठलाच घास खाल्लेला नाही.