यमुताईंची मकोय

पारडीच्या यमुताई काविळीवर मकोय देत. पुण्यामुंबईकडे हिलाच कामोनी म्हणतात. परसात कुणी न लावता उगवते, मिरीएवढी फळं धरते. पिकून काळी झाली की औषध, हिरवी असली की विष. एवढंच शास्त्र, पण त्यात जीव जातो. म्हणून यमुताईंचा नेम होता. तोडलेल्या फळांतली अर्धी सकाळी स्वतः खायची, दिवस कलेपर्यंत रोग्यासमोर बसायचं, मगच उरलेली त्याला द्यायची. "आधी माह्या तोंडात, मंग तुह्या," म्हणत. वस्ती हसायची, सरकारी काम आणि यमुताईंचं औषध, दोन्हींना संध्याकाळ!

बहात्तर साली हातमागावरचा रुपराव आपल्या आठ वर्षांच्या इंदूला घेऊन आला. पोर हळद फासल्यासारखी पिवळी. यमुताईंनी फळं तोडली, अर्धी खाल्ली, आणि औषधाला नजर लागू नये म्हणून बाकीची रिवाजाप्रमाणे फडक्यात झाकून आणली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. खोड, दुसरं काय!

दुपारी त्यांचं तोंड कोरडं पडलं, पोटात पिळलं. मान वर केली तर भर उन्हात मकोयपाशी नत्थूजी उभे. त्यांचे मालक, तीन वर्षांपूर्वी गेलेले. अंगात तीच खाकी बंडी. सावली पडत नव्हती. यमुताईंना भीती वाटली नाही, हेच भयंकर. आनंदानं त्यांना रडू आलं.

नत्थूजींनी इंदूकडे बोट दाखवलं. "पोरीले दे ना आता. काहून थांबून राहिली?"

यमुताईंच्या अंगावर काटा आला. मेलेला माणूस दिसतो, म्हणजे फळ बाधलं. पण बोललं की हे जातील. घटकाभर त्या नत्थूजींकडेच बघत बसल्या. इंदूनं फडक्याकडे हात नेला.

"रुपराव, देऊ नको गा! मले डोयानं दिसत नाही. पोरीले दवाखान्यात ने!"

रुपरावनं फडकं उघडलं. निम्मी फळं हिरवीगार होती. त्यानं दोघींनाही टांग्यात घातलं.

दोघी वाचल्या. महिन्याभरानं यमुताईंनी रुपरावच्या हाती खुरपं दिलं. "मुळासकट काढ." तो झाडापाशी बसला, तशा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या, नत्थूजींची तिरडी उचलली तेव्हा बसल्या होत्या तशाच.

"हळू काढ गा," त्या म्हणाल्या. "ते तिथंच उभे हायेत."