बाकी सगळ्या बिया आहेत

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. श्रीकांतला नाही — लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली, माझ्या पित्ताच्या गोळ्यांची नावंसुद्धा त्याला पाठ आहेत, पण हे त्याला माहीत नाही. सईला, म्हणजे आमच्या मुलीला, तर नाहीच. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या डिसेंबरात मी एका छोट्याशा वहीत सही केली, आणि तेव्हापासून ती सही सारखी आठवते म्हणूनही असेल.

आधीच एक सांगून टाकते, म्हणजे तुमचा अपेक्षाभंग नको. मी सुखी बाई आहे. वाईट वागलेल्या माणसाला झोप लागत नाही म्हणे — मला छान लागते, आणि मी घोरते असं श्रीकांतचं म्हणणं आहे. सिलिकॉन ओएसिस नावाच्या वस्तीत आमचं घर आहे, बाल्कनीत कढीपत्ता आहे, तो इथल्या उन्हातसुद्धा तग धरून आहे. सई वाळवंटी झाडांचं बी गोळा करून जपणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बिया, घरी आली की जेवताना बिया. आणि ती या बियांच्या नादी लागली त्याला — कसं सांगू — थोडीफार मीच कारणीभूत आहे. मी आणि एक काळा मार्कर.

थांबा. जरा मागून सुरुवात करते.

तेव्हा आम्ही शारजात, रोल्ला भागात राहायचो. मी एका भारतीय शाळेत लायब्रेरियन होते. त्याच बिल्डिंगमध्ये, दोन मजले वर, अलका राहायची — कराडची, शाळेत बायॉलॉजी शिकवायची. सकाळी एकाच बसने जायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो. ती स्वतः मराठी माध्यमातली. स्टाफरूममध्ये कुणी तिच्या उच्चारांना हसलं की ती त्यांच्याहून मोठ्याने हसायची. वर्गात मात्र पोरींचा तिच्यावर जीव होता. अकरावीत तिच्या वर्गात सईसुद्धा होती.

मंदी आलेली. २००८ चा शेवट आणि त्यानंतरचे महिने. श्रीकांतची बांधकामाची साइट एका रविवारी सुरू होती आणि पुढच्या रविवारी बंद. क्रेन तशाच उभ्या. त्याला बिनपगारी रजेवर बसवलं होतं, घरात येणारा धड पगार माझाच. शाळेतल्या मुलांची कुटुंबं भराभर परत जात होती, आणि जूनअखेर काही जणांचे करार पुढे जाणार नाहीत अशी कुजबुज शाळेत होती. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. चित्र पुरं दिसावं, एवढंच.

मार्चअखेर नव्या वर्षाची पुस्तकं आली. अकरावी-बारावीचं मिळून एकच जाडजूड बायॉलॉजीचं पुस्तक. आमच्या सुपरवायझरबाई भित्र्या — कुणी काही सांगितलेलं नसताना आधीच घाबरून ठेवणाऱ्या. मुलींच्या हातात पुस्तक पडण्याआधी मानवी प्रजननाच्या धड्यातली काही पानं झाकायची, असं त्यांनी ठरवलं. कुठली ते अलकाने ठरवायचं आणि मार्कर मी फिरवायचा.

अलकाने चिठ्ठी दिली. हो — दिली. बसमधून उतरता उतरता माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली आणि म्हणाली, "यात पानं लिहिलीत गं." मी मान डोलावली, आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरबाई लायब्ररीत डोकावल्या, "यल्ला, जल्दी करो" म्हणाल्या आणि गेल्या. मी चिठ्ठी शोधली? नाही. अलकाला फोन केला? तोही नाही. मी कॉमर्सची बाई. धडा उघडला, त्यात 'स्पर्म' हा शब्द दिसला, आणि मला वाटलं — हाच तो. मग काय, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जिथे जिथे ती अक्षरं दिसली तिथे तिथे मी मार्कर फिरवला. चाळीस पुस्तकं, दोन दिवस. वासाने डोकं ठणकत होतं. पण खरं सांगू? मला मजा येत होती. जितकं काळं जास्त, तितकी मी कामाची, असं वाटत होतं. करार पुढे नेताना बाईंना माझे काळे झालेले हात आठवले असते ना.

आता तुम्हाला बायॉलॉजी येत असेल तर तुम्ही कपाळावर हात मारला असेल. मी जिम्नोस्पर्म काळं केलं — म्हणजे देवदार आणि पाइन. अँजिओस्पर्म काळं केलं — म्हणजे जगातलं फूल येणारं झाडन् झाड. एंडोस्पर्म, म्हणजे गव्हाच्या दाण्यातलं पीठ आणि नारळातलं खोबरं. प्राण्यांच्या धड्यात एका बिचाऱ्या खारीचं शास्त्रीय नाव स्पर्मोफिलस होतं, बी आवडणारी म्हणून — ती गेली. स्पर्म व्हेल नावाचा एक अख्खा मासा गेला. धड्यांची शीर्षकंसुद्धा गेली.

एप्रिलमध्ये पुस्तकं वाटली आणि गोंधळ उडाला. एक वडील थेट ऑफिसात आले आणि पुस्तक आपटून म्हणाले, "मॅडम, मेरी बेटी पूछ रही है, नारियल में क्या गंदा है?" लोक हसले. आज मलाही हसू येतं. पण शाळेच्या ट्रस्टींपर्यंत गोष्ट गेली, आणि कुणाचं तरी नाव हवं होतं.

अलकाने काय केलं माहीत आहे? ती चिडली नाही. तिने सगळ्या वर्गाला चंदेरी जेल पेन आणायला सांगितले. दोन तास घेतले. प्रत्येक काळ्या पट्टीवर तो शब्द पुन्हा लिहून घेतला आणि प्रत्येक शब्द उकलून सांगितला. स्पर्मा म्हणजे ग्रीकमध्ये बी; पेरणं या अर्थाच्या शब्दावरून आलेला. जिम्नो म्हणजे उघडं — उघड्या बीचं झाड, आमच्या मराठी पुस्तकात अनावृतबीजी म्हणायचे. एंडो म्हणजे आतलं, बीच्या आतला पोरासाठी बांधून दिलेला डबा. सई त्या दिवशी घरी आली ती नाचतच. "ममा, इट्स ऑल जस्ट सीड्स! एव्हरी सिंगल वर्ड!" दप्तरसुद्धा खाली ठेवलं नव्हतं तिने. तिचं सगळं पुढचं आयुष्य त्या दोन तासांतून निघालं, असं ती आजही सांगते.

त्याच संध्याकाळी मी डब्याची पिशवी धुवायला काढली. तळाशी ती चिठ्ठी सापडली. लसणाच्या चटणीचं तेल लागून अर्धी पारदर्शक झालेली. अलकाचं गोल अक्षर: "फक्त पान २१२ ते २१५. बाकी सगळ्या बिया आहेत, त्यांना हात लावू नकोस."

मी ती वाचली, पुन्हा वाचली. बारीक बारीक तुकडे केले आणि बिल्डिंगच्या कचऱ्याच्या पाइपमधून सोडून दिले. तुकडे खाली जाताना आवाजही आला नाही.

दोन दिवसांनी ऑफिसात बोलावलं. मी, अलका, सुपरवायझरबाई. बाईंनी मला विचारलं, "लिस्ट दी थी आपको?"

आणि मी म्हणाले, "नहीं मॅडम. मुँह से बोला था. जहाँ भी ये वर्ड दिखे, काट दो."

एवढंच. एका श्वासात म्हणाले, अडखळलेसुद्धा नाही. इतकी सफाई कुठून आली कोण जाणे.

अलकाने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दाराशी उभं राहून पर्समध्ये किल्ली चाचपताना माणसाचा चेहरा होतो ना, तसा झाला तिचा. आता तर इथे होती — मग गेली कुठे? मग ती म्हणाली, "शायद मैं ही भूल गई, मॅडम." माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की तिने स्वतःवरचा काढून घेतला.

जूनअखेर तिचा करार पुढे गेला नाही. माझा पुढे गेला. आणि हे ऐका — मे महिन्यातच श्रीकांतला दुसरी नोकरी लागली होती. जूनअखेरीपर्यंत मी कधीही ऑफिसात जाऊन खरं सांगू शकले असते. घरावर संकट नव्हतं, पोटाचा प्रश्न नव्हता. मी रोज त्या ऑफिसच्या दारावरून लायब्ररीत जायचे. गेले नाही आत.

अलका मुलाला घेऊन कराडला परतली. तिच्या यजमानांची इकडेच देरा भागातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरी होती. फ्लॅट सोडून ते सहा जणांच्या खोलीत एका खाटेवर राहायला गेले. दोन वर्षं. मुलगा सहा वर्षांचा होता, तो वडिलांशी कॉम्प्युटरवर बोलायचा. तिचं सामान मी बांधून दिलं. कपाटातल्या साड्यांच्या घड्या घातल्या, कपबशा पेपरात गुंडाळल्या. विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, "तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?" मीही रडले. माझं रडणं खोटं नव्हतं, हेच मला अजून नीट कळत नाही.

तिचं पुढे चांगलं झालं. ज्युनियर कॉलेजात लागली, घरामागे रोपवाटिका काढली, यजमान परत आले. दर दिवाळीला तिचा फोन येतो. तिकडे ती सगळ्यांना सांगते म्हणे, गल्फमध्ये एकच सख्खी मैत्रीण मिळाली.

गेल्या डिसेंबरात ती आली, मुलाबरोबर, दहा दिवस फिरायला. आमच्याकडे जेवायला बोलावलं. भरली वांगी, भाकरी, खर्डा. सईने कपाटातून ते पुस्तक काढलं — तिने जपून ठेवलंय. काळ्या पट्ट्या आता तपकिरी दिसतात, चंदेरी अक्षरं अजून चमकतात. अलका किती तरी वेळ पानं उलटत होती, हसत होती, खारीपाशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग सहज म्हणाली, "मी तुला चिठ्ठी दिली होती असं मला इतकं पक्कं आठवायचं, माहितीये? पान नंबरसुद्धा. पण तू नाही म्हणालीस म्हणजे नसेलच दिली. तेव्हापासून स्वतःच्या डोक्याचा भरवसाच वाटत नाही बघ."

"आईचं खूळ आहे ते," तिचा मुलगा म्हणाला. "कुणालाही काहीही दिलं की वहीत सही घेते. दूधवाल्याची, शेजारणीची, माझीसुद्धा."

सगळे हसले. श्रीकांत तर ठसका लागेपर्यंत. मी वाढायला उठले. म्हणाले, "भाकरी घे ना अजून अर्धी." तिने घेतली.

निघताना तिने पिशवीतून कांदा-लसूण मसाल्याचं पुडकं काढलं, माझ्या हातात दिलं, आणि पाठोपाठ ती वही. छोटी, निळ्या पुठ्ठ्याची. तारीख तिने घातली होती. पुढे लिहिलं होतं — "मसाला, अर्धा किलो. मिळाला." सई हसत होती, "मावशी, रिअली?" अलका म्हणाली, "कर गं सही, मला बरं वाटतं."

मी पेन घेतलं आणि 'मिळाला' या शब्दाखाली सही केली. तिने ती नीट वाचून पाहिली, वही मिटली, पर्समध्ये ठेवली. मग लिफ्ट येईपर्यंत आम्ही दोघी हातात हात घेऊन उभ्या होतो.