दहा सातापेक्षा लहान

माझी वहिनी शिलाई मशीन दुरुस्त करते. संगणक तिला कुणी शिकवला नाही, पण आमच्या सफाई कामगार संघटनेच्या यादीचा प्रोग्राम तिनेच लिहिला. पदवीवाल्यांनी नाकं मुरडली. सहा वर्षं तोच चालतोय.

त्या दिवशी पाचच्या आत दोनशे तेरा जणांची यादी सरकारी कार्यालयात पाठवायची होती. चुकली, की कायम नोकरीचा हक्क गेला. नेमका दुपारी जुना संगणक बसला. एका दुकानदाराने दिलेला जोडून प्रोग्रामची आणि यादीची जपलेली प्रत त्यावर टाकली, तर पडद्यावर ओळ: 'सिस्टीम जुनी आहे. किमान सात हवी.' आणि प्रोग्राम बंद.

मी दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं, भंगार गळ्यात मारता का म्हणून. "अहो, दहा नंबरची सिस्टीम आहे," तो सांगत होता. मी फोन ठेवला.

साडेचारला वहिनी आली. मूळ प्रोग्राम असलेला गळ्यातला पेनड्राइव्ह काढून लावला.

"ती सिस्टीमची तपासणीच उडवा ना," मी म्हणालो.

"जुन्या सिस्टीमवर जोडाक्षरं फुटतात, भाऊजी. नाव फुटलं म्हणून एकीचा अर्ज परत आला होता. ते सांगायला तिच्या दारात कोण गेलं होतं, तुम्ही की मी?"

मागे संघटनेच्या दहा-बारा जणी पडद्याकडे बघत उभ्या.

प्रोग्रामला सिस्टीमने काय उत्तर दिलं, ते तिने पडद्यावर काढलं: १०.०. तिचे कान लाल झाले.

"सिस्टीम खरं बोलतेय. चूक माझी," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी आकडे अक्षरांसारखे लावले. पहिला एक दिसला, एक साताच्या आधी, म्हणून दहा लहान."

"सहा वर्षं कळलं नाही?" मी विचारलं.

"आपल्याकडे आठच्या पुढचं काही आलं होतं कधी?"

तिने उत्तराचा संख्या म्हणून हिशेब लावला. प्रोग्राम उघडलाच नाही. चार एकोणपन्नास.

"टिंब अडतंय, त्याला पूर्ण आकडाच हवा," ती पुटपुटली. टिंबाच्या पुढचं तोडलं आणि पुन्हा चालवलं.

यादी उघडली. जोडाक्षरं शाबूत. चार सत्तावन्नला पोच आली.

बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या. वहिनीने माझ्यापुढे फोन सरकवला.

"दुकानदाराला लावा."

"उद्या बोलतो."

"मी माझी चूक इतक्या जणींपुढे सांगितली, भाऊजी."

मी नंबर फिरवला.