पाठ नसलेला कोट

आमच्या पहाडगंजच्या फोटो स्टुडिओत एक कोट होता, त्याला पाठच नव्हती. समोरून बघाल तर काळा कोट, आत पांढरी कॉलर, निळा टाय, सगळं जिथल्या तिथे. मागून बघाल तर नुसते चार बंद. शर्टाचा समोरचा भाग, टाय आणि कोट एकमेकांना पक्के शिवून टाकलेले. गिऱ्हाइकाने समोरून बाह्यांत हात घालायचे आणि बाबांनी मागून बंद बांधायचे. गिऱ्हाईक काटकुळं असो नाहीतर ढेरपोटं, कोट बरोब्बर बसायचा. हे डोकं आईचं. तिने तो घरच्या पायमशीनवर शिवला होता, आणि आमच्या घराची चूल त्या कोटावर चालली असं मी म्हटलं की बाबा म्हणायचे, "आणि मी काय, दिवे लावत होतो?" दिवा खरोखर तेच लावायचे. एक दिवा, एक पांढरी चादर आणि एक स्टूल, एवढाच त्यांचा संसार. कॅमेरा, आरसा आणि हा कोट सोडला तर चौथी वस्तू त्यांनी स्टुडिओत येऊ दिली नाही.

आमच्याकडे येणारी बरीच मुलं लातूर, बीड, नांदेडकडची असायची. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीत आलेली, खोलीत सहा-सहा जण राहणारी. फॉर्मला फोटो लागायचा आणि अंगात असायचा चुरगळलेला टी-शर्ट. एकदा एक मुलगा कोट चढवून आरशासमोर वळला, पाठ बघितली आणि त्याचा चेहराच पडला.

"काका, मागून उघडंय सगळं."

"असू दे की," बाबा म्हणाले, "सरकार समोरून बघतं. हनुवटी जरा खाली घे."

तेव्हापासून ती आमच्या घरातली म्हणच झाली. घाईत मी युनिफॉर्मची फक्त पुढची बाजू इस्त्री करायचे, आई ओरडली की बाबा आतून आवाज द्यायचे, "जाऊ दे तिला, सरकार समोरून बघतं!"

मग प्रत्येकाच्या हातात फोन आला. फॉर्म फोनवर, फोटोही फोनवर. स्टुडिओ बंद झाला त्या दिवशी बाबांनी स्टूल आणि कोट तेवढा घरी आणला, बाकी कशाकडे वळून पाहिलं नाही. आम्ही गाझियाबादला चौथ्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी नोएडाच्या ऑफिसात जायचे, आई शेजारणींचे ब्लाउज शिवायची आणि बाबा बाल्कनीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड चुकतोय म्हणून चुकचुकायचे.

तिथेच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोंड एका बाजूला ओघळलं. बोलता येई, पण एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिले दोन दिवस शर्ट घालणं-काढणं म्हणजे कुस्तीच होती. तो हात वर जात नसे, बाही ओढली की बाबा कळवळायचे. तिसऱ्या दिवशी आईने कपाटातून तो कोट काढला, उलटा करून मांडीवर घेतला आणि बराच वेळ त्याचे बंद बघत बसली. संध्याकाळपर्यंत बाबांचा एक जुना शर्ट मागून उभा कापून, दोन्ही कडा दुमडून, त्याला बंद लावून तयार झाला होता. समोरची बटणं तिने काजात घालून कायमची शिवून टाकली. समोरून बघाल तर कॉलरचा नीट शर्ट. पाठ मात्र मोकळी. पावडर लावायला सोपी, हवा लागते, कूस बदलताना कापडाचा गोळा होत नाही. मला आईचं इतकं कौतुक वाटलं की मी तिला मिठी मारली. बाबांना काय वाटलं ते मी विचारलं नाही.

हल्ली साधं कसं जगावं याचे व्हिडिओ निघतात. पांढरी भिंत, मातीचा कप, खिडकीत एकच फूल. बघितलं की माझं डोकं फिरतं. बाबांच्या आजारपणाची ती दोन वर्षं आमच्याकडे साधेपणाच होता, कोणी मागितला नव्हता. चार शर्ट, एक वाटी पेज, खिडकीतून सरकत जाणारं ऊन आणि मशीनचा आवाज. पण खोटं कशाला बोलू, त्यात सुखाचे क्षणही होते. सकाळी ऊन पलंगावर आलं की बाबा डाव्या हाताने मला थांबवायचे आणि आईकडे बोट दाखवायचे. ती सुईत दोरा ओवत असायची, डोळे बारीक करून. "बघ," ते म्हणायचे, "आत्ता." मी फोन काढून फोटो घ्यायचे. ते बघायचे आणि मान हलवायचे, "उशीर केलास."

त्यांची दुसरी मागणी असायची ती शर्टाची.

"पाठीचा शर्ट हवा," पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. पूर्ण शर्ट. पाठ झाकणारा.

आईने ऐकलं. निळ्या रेघांचं पॉपलीन आणलं, माप घेतलं, दोन्ही बाह्या, पुढचा भाग, मागचा भाग, सगळं कापलं. मग व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "अभी रहने दीजिए आंटी, कंधा खिंच जाएगा." आईने त्या कापडाचाही उघड्या पाठीचाच शर्ट शिवला आणि कापलेला मागचा भाग घडी करून ट्रंकेत ठेवला. "हात वर जायला लागला की लगेच जोडते हो," ती म्हणाली.

हात काही वर गेला नाही. बाबा मात्र विसरले नाहीत. आठ-पंधरा दिवसांनी विचारायचे. एकदा मी ऑफिसातून दमून आले होते, चपलाही काढल्या नव्हत्या, तोच त्यांनी पुन्हा शर्टाचं काढलं. मी थट्टेत म्हटलं, "अहो बाबा, पाठ कोण बघतंय? सरकार समोरून बघतं!"

ते अर्ध्या तोंडाने हसले. मलाही बरं वाटलं, चला, हसले. मग हसू ओसरलं आणि ते सावकाश म्हणाले,

"मला कळतं ना. उघडी आहे ते."

मी पाणी आणते म्हणून आत गेले आणि आतच थांबले. आपण बापाला त्याच्याच शब्दांनी मारलं, हे मला स्वयंपाकघरात उभं राहून कळलं. तरी दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली नाही. सोय होती ना आमची. दोघींना मिळून दहा मिनिटांत शर्ट बदलता यायचा, मला वेळेवर मेट्रो मिळायची. रविवारी करू, असं आई म्हणायची, मीही म्हणायचे. असे किती रविवार गेले.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी फोटो लागला तेव्हा मी घाबरतच विचारलं. झटक्यानंतर त्यांनी स्वतःचा एकही फोटो काढू दिला नव्हता. पण या वेळी कसे कोण जाणे, तयार झाले. आम्ही त्यांना त्याच स्टुलावर बसवलं, मागे आईने चादर धरली आणि चादरीआडून एका हाताने त्यांची पाठही. शर्ट निळ्या रेघांचा. बाबांनी मला खिडकीच्या दुसऱ्या बाजूला जायला सांगितलं, मग एक पाऊल मागे, मग फोन खाली. चांगल्या बाजूवर ऊन आलं आणि ओघळलेली बाजू सावलीत गेली.

"हं. आत्ता," ते म्हणाले.

या वेळी मी उशीर केला नाही. फोटो बघून ते खूश झाले. मग आईकडे वळून म्हणाले, "आता पाठ लाव."

"लावते हो, येत्या रविवारी," आई म्हणाली.

त्या आठवड्यात गुरुवारी सकाळी बाबा गेले. आईने पावडर लावून बंद बांधले, चहा ओतायला गेली आणि कप घेऊन आली तोवर संपलं होतं. अंगात तोच निळ्या रेघांचा शर्ट होता.

बिल्डिंगमधले लोक जमले. गाडी यायला तासभर होता. आई मला म्हणाली, "सगळ्यांना जरा बाहेर बसव." तिने ट्रंकेतून ती घडी काढली. मी बाबांना कुशीवर वळवून धरलं, रोज धरायचे तसंच. तिने बंद कापले, मागचा भाग त्यांच्या पाठीवर पसरला आणि हातानेच धावदोरा घालायला सुरुवात केली. आधी एक बाजू, मग दुसरी. सुई त्यांना लागू नये म्हणून ती दर टाक्याला आपलं बोट आत घालत होती. तिच्या हातची शिवण मी कधी वाकडी पाहिली नव्हती, त्या दिवशी पाहिली. मी मोठ्याने रडत होते. आई रडत नव्हती. तिला टाका दिसायला हवा होता.

शेवटची गाठ मारतेय तोवर वरच्या मजल्यावरचे काका आत आले. भला माणूस, आमच्या प्रत्येक अडचणीला धावून आलेला. हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, सिला हुआ कपड़ा साथ नहीं जाता. बटन-गाँठ सब खोलना पड़ता है. उतार दीजिए."

इतकी वर्षं दिल्लीकडे काढूनही आईने परक्या माणसाशी कधी हिंदीत वाद घातला नव्हता. ती सुई हातात धरूनच म्हणाली,

"भाईसाहब, आगे का सब खोल देती हूँ. पीछे का नहीं खोलूँगी."

 काकांनी हात जोडले आणि ते बाहेर गेले. आईने कात्री घेतली, पक्की शिवलेली समोरची बटणं एकेक करून उसवली, शर्ट समोरून मोकळा केला आणि त्यावर पांढरं कापड पांघरलं.

उचलताना माझा हात त्यांच्या पाठीखाली होता. हाताला शिवण लागली, वाकडीतिकडी, पण खांद्यापासून कमरेपर्यंत सलग. पाऊण तासात झाली होती.