धुरावर धरलेली होडी

गाठीच्या तापात, म्हणजे प्लेगात, माझे दोन्ही भाऊ गेले, तेव्हा सुकाणूवर बसायला माणूस उरलं नाही म्हणून बाबाने मला, मुलीला, होडीत घेतलं. वरळीच्या किनाऱ्यापुढे पाण्याखाली खडक आहेत. आमच्या झोपडीचं छप्पर आणि मागचा ताड एका रेषेत ठेवले की होडी सुखरूप आत येते, हे त्याने पहिल्याच दिवशी शिकवलं. एका सकाळी आय तापाने फणफणली होती. होडी निघाली नाही तर लोकांना संशय येईल आणि तिला इस्पितळात नेतील, म्हणून तिनेच आम्हाला बाहेर काढलं. "रोजच्यासारखे जा," म्हणाली. दुपारी शीड भरून परतलो. ताड दिसला. "बाबा, छप्पर नाय," मी म्हणाले. ताडाखालून काळा धूर चढत होता. ताप निघालेली झोपडी सरकारी माणसं जाळून टाकत. बाबाने तिकडे पाहिलं. मग म्हणाला, "धुरावर धर." छपराच्या जागी धूर धरून मी तो ताडाच्या रेषेत ठेवला. होडी एकाही खडकाला लागली नाही. आयला नेलं होतं, ती परत आली नाही. तो धूर केव्हाच विरला. आत येताना मी अजून त्याच्यावरच होडी धरते.