परसूनं दिलेला शब्द

परसूला शाळेनं अक्षर शिकवलं नाही. यशवंतपूरच्या मालधक्क्यावर पोती उतरवता उतरवता वॅगनवरची नावं जुळवून तो वाचायला शिकला. आधी कन्नड, मग मराठी, मग कामापुरती इंग्रजी. त्यामुळं त्याची मान जरा ताठच. कुणी 'ए' म्हटलं की पोतं खाली टाकून आधी त्याचं नाव विचारायचा. निपाणी-चिकोडीकडून आलेल्या चाळीस घरांच्या खालच्या गल्लीत अर्ज लिहायचे ते परसूनं, आणि भांडायचं तेही परसूनंच.

भांडण एकच होतं, नळाचं. मारुतीच्या देवळापाशी कार्पोरेशनचा नळ होता. वरच्या आळीतल्या बायका त्यावर पाणी भरायच्या. खालच्या गल्लीतल्यांनी आपल्या घागरी दहा पावलांवरच्या फरशीवर मांडायच्या आणि कुणाला दया येऊन वरून धार सोडेपर्यंत उभं राहायचं. शिवाशिव बंद करणारा कायदा होऊन पाच-सात वर्षं झाली होती. परसूनं तो कायदा गल्लीतल्या यल्लव्वाला वाचून दाखवला होता. ती बाजारात धान्य पाखडायची, उशीर झाला की मुकादम दिवसभर कामाला घ्यायचा नाही. ती म्हणाली होती, "कायद्यानं घागर भरत आसंल तर फरशीवर ठिवते की त्यो कागद."

त्या साली निवडणूक लागली आणि आप्पाजी उभे राहिले. मल्लेश्वरमसारख्या बड्या वस्तीतला माणूस, पांढरंशुभ्र धोतर, बोलणं लोण्यासारखं. गल्लीतल्या बायकांना बाजाराची कन्नड येई, सभेची येत नसे. म्हणून आप्पाजी एक वाक्य बोलायचे आणि टांग्यात शेजारी उभा राहून परसू भोंग्यातून ते मराठीत सांगायचा. आप्पाजी त्याला 'परसू अण्णा' म्हणत. त्या 'अण्णा'नं परसू किती फुगला होता ते गल्लीला दिसत होतं, त्याला दिसत नव्हतं.

पहिल्याच सभेत यल्लव्वानं उभं राहून विचारलं, नळाला हात लावायचा का नाही? आप्पाजींनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले की पाणी ही देवाची देणगी आहे, सगळ्यांच्या भावना सांभाळून, कुणाचंही मन न दुखवता, सलोख्यानं मार्ग निघेल.

परसूनं भोंगा तोंडाशी धरला. समोर यल्लव्वा, शेजारची भागुबाई, काखेत पोरं घेतलेल्या बायका. एवढ्या मोठ्या माणसाच्या मनात दुसरं काय असणार, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "आप्पाजी म्हणतात, निवडून आलो की नळ तुमचा. आपल्या हातानं भरा."

गल्ली अशी ओरडली की आप्पाजी हरखून गेले. आपल्या वाक्यात एवढं काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही.

चार दिवसांनी वरच्या आळीत भीमाचार्यांच्या ओसरीवर बैठक झाली. भीमाचार्य देवळाचे पंच, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, घरात मराठी आणि बाहेर कन्नड. परसू भोंगा घेऊन पायरीखाली उभा. आप्पाजी तेच वाक्य बोलले, शब्दाला शब्द, देणगीपासून सलोख्यापर्यंत. ओसरीवर सगळ्यांनी समाधानानं माना डोलावल्या.

"म्हणजे जसं चाललंय तसंच ना, आप्पाजी?" भीमाचार्यांनी विचारलं.

आप्पाजी हसले. "स्वल्प सांभाळून घ्यायचं, आचार्य. सरी? ठीक ना?"

परसूच्या कानशिलात रक्त चढलं. एरवी त्यानं तिथल्या तिथे भोंगा आपटला असता. तेवढ्यात आप्पाजींनी आत हाक दिली की आमच्या परसू अण्णांना पाणी द्या. आचार्यांची सून वसुमती तांब्या घेऊन बाहेर आली आणि वरच्या पायरीवरच थांबली. परसूनं ओंजळ केली. तिनं वरून धार सोडली, तो वाकून प्याला. पाणी कोपरावरून ओघळून सदऱ्यात गेलं. बोलायचं ते त्या पाण्याबरोबर गिळलं गेलं.

गल्लीत परतल्यावर तरी सांगायचं. पण भागुबाईनं त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवली होती, पोरं 'नळ आपला' म्हणत नाचत होती. नंतर सांगू म्हणत तो जेवला. मतदानाच्या दिवशी गल्लीनं झाडून मतं दिली आणि आप्पाजी निवडून आले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी यल्लव्वा फरशीवर थांबली नाही. सरळ नळापाशी गेली, तोटी सोडली. घागर निम्मी भरली असेल, वरच्या आळीतल्या कुणीतरी ती ओढून दगडावर फोडली. खापरी लागून यल्लव्वाचं मनगट चिरलं. ती रडली नाही. आप्पाजींनी शब्द दिलाय, एवढंच म्हणत राहिली.

दुपारी आप्पाजी आले. दोन्हीकडची माणसं जमली. ते चिडलेसुद्धा नाहीत. "मी काय म्हणालो होतो ते परसू अण्णाच सांगतील," म्हणाले.

आणि परसूनं पहिल्यांदा ते वाक्य जसंच्या तसं मराठीत सांगितलं. देणगी, भावना, मन, सलोखा, मार्ग.

भागुबाई वाट बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यात त्यो काईच बोलला न्हाई की."

"मग हातानं भरा म्हणून कोन म्हनलं?" यल्लव्वानं विचारलं.

"मी," परसू म्हणाला. "आणि ते खोटं हाय हे मला मतदानाच्या आदीच कळलं हुतं."

यल्लव्वानं त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं चिंधी बांधलेल्या हातानं भागुबाईची घागर उचलून त्याच्यापुढं धरली. "तू म्हनलास न्हवं? मग तूच भर."

परसूनं ती भरली. पाठीत दोन काठ्या बसल्या, संध्याकाळपर्यंत चौकीवर बसावं लागलं; पण घागर गल्लीत पोचली. दुसऱ्या दिवशीही त्यानंच भरली, तिसऱ्याही. नळ मोकळा व्हायला पुढं तीन वर्षं गेली. आप्पाजी तोवर सलोख्यानं मार्ग काढतच होते.

यल्लव्वा त्याच्याशी पूर्वीसारखी बोलू लागली. तिच्या दारात पाणी मागितलं की ती तांब्या त्याच्या हातात द्यायची. पण तांब्या दिसला की परसूचे तळवे आपसूक जुळून ओंजळ व्हायची. मग तो खाली बघत हात सदऱ्याला पुसायचा, आणि तांब्या घ्यायचा.